पर्ज व्हॉल्व्हची पारख

इंजिन बंद करून उन्हात उभी केलेली पेट्रोलची मोटारही हवा बिघडवू शकते. टाकीतले पेट्रोल तापते, त्याची वाफ होते आणि वाट मिळेल तिथून ती बाहेर पडते. दौंड जंक्शनबाहेर सकाळी गाडी लावून रेल्वेने पुणे गाठणाऱ्यांची मोटार संध्याकाळपर्यंत उघड्या उन्हात असते. शिरूरच्या बाजारात किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीभर उभ्या राहणाऱ्या गाडीचेही तेच. एप्रिल-मे महिन्यांत या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकी दिवसभर वाफ करत राहते. ही वाफ म्हणजे हायड्रोकार्बन. तिच्यात बेंझिनसारखा कर्करोगाला कारण ठरणारा घटक असतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी उन्हात तिची क्रिया झाली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. शिवाय उडून जाते ते पैसे मोजून भरलेले पेट्रोल.

ही वाफ बाहेर न सोडता साठवायची आणि इंजिन चालू असताना जाळायची, यासाठी मोटारीत एक स्वतंत्र व्यवस्था असते. टाकीतून निघणारी वाफ एका नळीने कॅनिस्टरमध्ये येते. कॅनिस्टर म्हणजे काळ्या प्लॅस्टिकचा डबा, आत सक्रिय कार्बनचे दाणे. अशा कार्बनच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग एकत्र मोजला तर तो हजार चौरस मीटरच्या घरात जातो; पेट्रोलच्या वाफेचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. पण कार्बनची क्षमता संपणारी असते, त्यामुळे तो वरचेवर रिकामा करावा लागतो. इंजिन चालू झाले की इंटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. हा व्हॅक्यूम कॅनिस्टरमधून ताजी हवा ओढतो आणि तिच्यासोबत चिकटलेली वाफ इंजिनात येऊन जळते. कॅनिस्टर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधल्या नळीवर बसवलेला, ही ओढ केव्हा आणि किती लागू द्यायची ते ठरवणारा भाग म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह.

दिसायला तो अगदी साधा असतो: मुठीत मावेल एवढे प्लॅस्टिकचे अंग, दोन बाजूंना दोन नळ्या आणि दोन पिनांचा कप्लर. आत तांब्याच्या तारेची कॉइल, स्प्रिंग आणि एक छोटी झडप. वीज नसताना स्प्रिंग झडप दाबून बंद ठेवते. वीज आली की कॉइल ती उचलते. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, व्हॉल्व्ह सलग उघडा ठेवत नाही. सेकंदाला साधारण १० ते २० वेळा तो उघड-बंद करतो आणि प्रत्येक वेळी किती वेळ उघडा ठेवायचा यावरून वाफेचे प्रमाण ठरवतो. गरम इंजिनाजवळ बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारी बारीक टिकटिक याचीच असते. ती ऐकून अनेक गाड्या उगाच गॅरेजला नेल्या जातात.

वाफ रोखण्याची सक्ती सर्वप्रथम कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये केली आणि पुढच्या वर्षी ती अमेरिकाभर लागू झाली. भारतात प्रदूषणाची बीएस-४ मानके २०१० मध्ये ज्या १३ शहरांत आधी आली त्यांत पुणे आणि सोलापूर दोन्ही होती. दौंड तालुका या दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर, पण यादीबाहेर. संपूर्ण देशात बीएस-४ लागू झाले ते १ एप्रिल २०१७ रोजी, आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० रोजी. या मानकांच्या चाचणीत मोटार हवाबंद खोलीत ठेवून तिच्यातून किती वाफ सुटते हे मोजले जाते, आणि मर्यादा आहे एका चाचणीत २ ग्रॅम. म्हणजे जेमतेम अर्धा चमचा पेट्रोल. ज्या युरोपीय पद्धतीवर भारतीय मानके बेतली आहेत, तिच्यात खोलीचे तापमान २० अंशांवरून ३५ पर्यंत चढवून परत उतरवले जाते. दौंडच्या मे महिन्यातली दुपार या ३५ अंशांच्या बरीच वर असते. त्यामुळे इथल्या गाडीच्या कॅनिस्टरवर प्रयोगशाळेपेक्षा जास्त भार येतो आणि त्याला रिकामे ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचे महत्त्वही इथे जास्त.

शिरूर तालुक्याचा या विषयाशी आणखी एक थेट संबंध आहे. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून पुंटो आणि लिनिया निघाल्या, आणि २०१७ पासून जीप कंपास व टाटा नेक्सॉन निघू लागल्या. म्हणजे ज्या गाड्यांचे पर्ज व्हॉल्व्ह तालुक्यातल्या गॅरेजमध्ये तपासले जातात, त्यांतल्या काही याच तालुक्यात जोडल्या गेलेल्या असतात.

तपासणीकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी, कारण परदेशी पुस्तके आणि चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांची इथे फसगत होते. अमेरिकेत मोटारीने वाफेच्या सगळ्या वाटेची गळती स्वतः तपासावी असा नियम आहे. २००० च्या मॉडेलपासून अर्ध्या मिलिमीटरएवढे छिद्रही तिला ओळखावे लागते. त्यामुळे तिकडे बिघाड झाला की चेक लाइट लागतेच. युरोपीय धाटणीच्या, आणि म्हणून भारतीय, नियमांत पर्ज व्हॉल्व्हबाबत किमान अट आहे ती विद्युत जोडणी अखंड असल्याची खात्री करण्याची. वायर तुटली किंवा कॉइल जळाली तर दिवा लागेल. पण झडपेत कार्बनचा दाणा अडकून व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला, तर वीजमार्ग धडधाकट असल्याने दिवा न लागण्याचीच शक्यता जास्त. काही कंपन्या किमान अटीपेक्षा अधिक तपासणी देतात, पण तिच्यावर विसंबून चालत नाही. चेक लाइट बंद म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, हा निष्कर्ष इथे चुकीचा ठरतो. म्हणून हाताने, कानाने आणि मीटरने केलेल्या तपासणीला इथे पर्याय नाही.

व्हॉल्व्ह दोन प्रकारे बिघडतो आणि दोन्हींची लक्षणे वेगळी. तो उघडा अडकला तर इंजिनात न मोजलेली हवा आणि वाफ सतत शिरते. आयडलला गाडी थरथरते, मिसिंग होते, रेस आपोआप वर-खाली होते. सर्वांत बोलके लक्षण पेट्रोल पंपावर दिसते: टाकी फुल केली की सेल्फ मारत राहावा लागतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्याशिवाय गाडी चालू होत नाही. टाकी भरताना आत साठलेली वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते, व्हॉल्व्ह उघडा असल्याने ती थेट मॅनिफोल्डमध्ये जाऊन बसते आणि पहिल्या काही फेऱ्यांना इंजिनला हवेपेक्षा पेट्रोलच जास्त मिळते. उरलेल्या वेळी मात्र गाडी बरी चालते. ग्राहकाने हे वाक्य उच्चारले की अनुभवी मेकॅनिक स्पार्क प्लगला हात लावण्याआधी पर्ज व्हॉल्व्हकडे जातो. याउलट व्हॉल्व्ह बंद अडकला तर इंजिनला काहीच त्रास होत नाही; कॅनिस्टर मात्र तुडुंब भरतो आणि उन्हात उभ्या गाडीभोवती पेट्रोलचा वास येत राहतो. इंजिन सुरळीत असल्याने हा बिघाड महिनोन् महिने तसाच राहतो.

पहिली तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावी. बहुतेक गाड्यांत पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापेपर्यंत ईसीयू पर्जचा आदेश देत नाही. म्हणजे थंड इंजिनावर व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. गाडी चालू करावी, व्हॉल्व्हवरून कॅनिस्टरकडची नळी काढावी आणि उघड्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवली नाही तर झडप नीट बसते आहे. बोट खेचले जात असेल, किंवा बोट ठेवताच थरथरणारे इंजिन शांत होत असेल, तर व्हॉल्व्ह गळतो आहे. कोणती नळी कॅनिस्टरची आणि कोणती मॅनिफोल्डची हे आधी पाहून घ्यावे. बऱ्याच व्हॉल्व्हच्या अंगावर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो. मॅनिफोल्डच्या बाजूची नळी काढली तर तिथे ओढ असणारच, आणि चांगला व्हॉल्व्ह विनाकारण बदलला जाईल. इंजिन तापल्यावर रेस दोन हजारांच्या आसपास नेऊन हीच तपासणी परत करावी. आता ओढ लागायला हवी, आणि तीही सलग नव्हे, तर ठोक्याठोक्याने. काही गाड्यांचा ईसीयू आयडलला पर्ज करतच नाही. म्हणून केवळ आयडलवर ओढ नाही एवढ्यावरून व्हॉल्व्ह बाद ठरवू नये.

बारीक गळती बोटाला कळत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह काढून बाहेर तपासावा लागतो. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप असेल तर तो मॅनिफोल्डच्या बाजूला जोडून पाऱ्याचे १५ ते २० इंच व्हॅक्यूम द्यावा. काटा निदान अर्धा मिनिट जागचा हलता कामा नये. असा पंप छोट्या गॅरेजमध्ये सहसा नसतो, पण मेडिकल दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची सिरिंज आणि रबरी नळीचा तुकडा यांवर काम भागते. सिरिंज मॅनिफोल्डच्या बाजूला घट्ट बसवून दट्ट्या अर्ध्यापर्यंत ओढावा, दहा-पंधरा सेकंद धरावा आणि सोडावा. झडप पक्की असेल तर दट्ट्या जवळजवळ मूळ जागी परत जातो. तो ओढला तिथेच राहिला तर आत हवा शिरली. थोडा परत जाऊन मध्येच थांबला, तर गळती बारीक आहे, पण आहे. व्हॉल्व्हला तोंड लावून हवा ओढून पाहण्याची पद्धत अजून दिसते. ती सोडून द्यावी, कारण त्या नळीत पेट्रोलची वाफ आणि कार्बनची भुकटी असते.

त्यानंतर मीटर. कप्लर काढून व्हॉल्व्हच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये तो २० ते ३० ओहमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. एक-दोन ओहमच दाखवत असेल तर ती आत शॉर्ट आहे, आणि अशा व्हॉल्व्हमुळे ईसीयूमधला त्याला चालवणारा भागही जळू शकतो. म्हणून तो गाडीला परत लावू नये. आकडा वाचताना तापमान विसरू नये. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांना २६ ओहम असलेली कॉइल गरम इंजिनाशेजारी ८० अंशांना ३२ ओहम दाखवते आणि तरीही ती पूर्ण चांगली असते. मीटरने पास झालेला व्हॉल्व्ह झडपेत अडकलेला असू शकतो, हेही इथेच ध्यानात ठेवावे. रोध फक्त कॉइलबद्दल सांगतो.

झडप हलते का हे पाहण्यासाठी व्हॉल्व्ह गाडीपासून दूर, मोकळ्या हवेत न्यावा आणि सिरिंज जोडून, दट्ट्या ओढून धरून १२ व्होल्टच्या बॅटरीने दोन-तीन सेकंद वीज द्यावी. एका वायरमध्ये फ्यूज असावा, आणि शेवटची जोडणी व्हॉल्व्हपाशी न करता बॅटरीपाशी करावी, म्हणजे ठिणगी पडली तर ती वाफेजवळ पडत नाही. काही व्हॉल्व्हच्या आत डायोड असतो, त्यामुळे पिनांची अदलाबदल करू नये. स्वच्छ ‘टक’ असा आवाज यायला हवा आणि त्याच क्षणी सिरिंजचा दट्ट्या सैल व्हायला हवा. आवाज आला पण हवा गेली नाही तर आतली वाट तुंबली आहे. आवाज दबका किंवा उशिरा येत असेल तर झडप चिकटते आहे. थंड असताना ठीक चालणारी अशी झडप गरम झाल्यावर अडकते, म्हणून ही चाचणी लागोपाठ अनेक वेळा करून पाहावी.

व्हॉल्व्ह निर्दोष निघाला तर राहतो आदेशाचा प्रश्न. इग्निशन चालू करून गाडीच्या बाजूच्या कप्लरमधल्या एका पिनवर बॅटरीएवढे व्होल्टेज मिळायला हवे. ते नसेल तर फ्यूज, रिले किंवा वायरिंग पाहावे. दुसरी पिन ईसीयूकडे जाते आणि ईसीयू तिला ठोक्याठोक्याने अर्थ देतो. दोन पिनांमध्ये ५ वॉटचा पार्किंगचा बल्ब लावला आणि इंजिन गरम झाल्यावर तो लुकलुकला, तर आदेश येतो आहे. हा बल्ब साधारण पर्ज व्हॉल्व्हइतकाच, ०.४ अँपिअरच्या आसपास, प्रवाह घेतो. ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब मात्र कधीही वापरू नये. त्याचा चौपट भार ईसीयूला सोसेलच असे नाही.

स्कॅनर हाताशी असेल तर काम झपाट्याने होते, पण त्यावरचे कोड वाचताना विवेक हवा. पी ०४४३, पी ०४४४ आणि पी ०४४५ हे कोड वीजमार्गाचे आहेत. पी ०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, आणि पी ०४९६ म्हणजे नको तेव्हा किंवा नको तेवढा प्रवाह. यांतला कोणताही कोड ‘व्हॉल्व्ह बदला’ असे सांगत नाही. कोडपेक्षा फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवले किंवा घटवले त्याचे, आकडे अधिक सांगतात. गाडी आयडलला असताना ट्रिम उणे दिशेला बरेच गेले असेल तर भरलेल्या कॅनिस्टरमधून वाफ येते आहे. अधिक दिशेला गेले असेल तर रिकाम्या कॅनिस्टरमधून नुसती हवा. आता मॅनिफोल्डकडची नळी पकडीने हळूच दाबून बंद करावी, पकडीच्या दातांना कापड गुंडाळून. आकडे शून्याकडे परतू लागले तर दोष याच वाटेत आहे. नळी दाबूनही आकडे हलले नाहीत, तर पर्ज व्हॉल्व्हला सोडून इतरत्र शोधावे.

टर्बो पेट्रोल इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. नेक्सॉनसारख्या गाडीत टर्बो जोर धरतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, उलट दाब असतो. हा दाब कॅनिस्टरकडे आणि टाकीकडे जाऊ नये म्हणून वाटेत एकदिशा झडप असते. अशा गाडीत ही झडपही काढून दोन्ही दिशांनी तपासावी. हवा एकाच बाजूने जायला हवी.

या सगळ्या तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग अनेकदा शेवटी उरतो आणि मग होतच नाही. काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर हलकेच आपटावा. काळे दाणे किंवा भुकटी पडली तर कॅनिस्टर फुटतो आहे, आणि नवा व्हॉल्व्हही काही दिवसांत तसाच अडकणार. कॅनिस्टर का फुटतो? बहुतेकदा उत्तर पंपावर सापडते. नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर’ करण्यासाठी पुन्हा पुन्हा दाबून पेट्रोल कोंबले जाते. वाफेसाठी राखलेली जागा भरते आणि द्रव पेट्रोल थेट कॅनिस्टरमध्ये उतरते. कार्बन वाफेसाठी असतो. द्रवात भिजला की त्याची साठवण्याची ताकद जाते, त्याचे दाणे फुटतात आणि व्हॅक्यूम ती भुकटी व्हॉल्व्हपर्यंत ओढून आणतो. ही सवय बंद करायला एक पैसा लागत नाही, आणि तिच्यामुळे होणारे नुकसान व्हॉल्व्ह व कॅनिस्टर दोन्हींच्या किमतीएवढे असते. नोझल पहिल्यांदा थांबले की पेट्रोल भरणे थांबवावे, हे पंपावर ठामपणे सांगायला संकोच करू नये.

कॅनिस्टरच्या श्वासाची, म्हणजे ताजी हवा आत घेणारी, नळीही पाहावी. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उधळलेल्या धुळीच्या रस्त्यांवर तिचे फिल्टर लवकर तुंबते. शेतातल्या घराजवळ बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशी या नळीच्या तोंडात मातीचे घर बांधते, आणि उंदीर रबरी नळ्या कुरतडतात. श्वासाची नळी बंद आणि व्हॉल्व्ह उघडा असा योग जुळला तर टाकीत व्हॅक्यूम साठतो. झाकण उघडताच जोराचा सुस्कारा ऐकू येतो. थोडासा आवाज स्वाभाविक आहे. प्रत्येक वेळी लांबलचक आणि आत ओढणारा आवाज मात्र बिघाडाची खूण.

इथेनॉलचा मुद्दाही आता टाळता येत नाही, आणि शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात तर नाहीच. २०२२ मध्ये देशात सरासरी १० टक्के मिश्रण गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडते, पण पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. शिवाय ते जुन्या रबराच्या नळ्यांमधून झिरपते आणि त्यांना कडक व भेगाळ करते. जुन्या गाडीत व्हॉल्व्ह तपासताना नळ्यांची टोके वाकवून भेगा दिसतात का ते पाहावे. दिसल्या तर नळी व्हॉल्व्हआधी बदलावी. सीएनजी गाड्यांतही ही तपासणी टाळू नये आणि ती पेट्रोलवर चालवूनच करावी, कारण अशा गाडीत टाकीतले थोडे पेट्रोल महिनोन् महिने वाफ करत पडून असते आणि मालकाला त्याची आठवणही नसते.

पीयूसी प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नये. पीयूसी केंद्रात सायलेन्सरमधला वायू मोजला जातो; बीएस-४ मोटारीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्का आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह या आकड्यांत कधी कधी डोकावतो. बंद अडकलेला व्हॉल्व्ह आणि उन्हात वाफ सोडणारा कॅनिस्टर तिथे दिसतच नाहीत.

नवा व्हॉल्व्ह बसवताना बाणाची दिशा, नळ्यांच्या क्लिपा आणि कप्लरचा ‘टक’ असा बसण्याचा आवाज तपासावा. बसवण्याआधी नव्या व्हॉल्व्हवरही सिरिंजची चाचणी करावी, कारण खोक्यातून निघालेला भाग चांगलाच असतो असे नाही. मग कोड पुसून गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवावी. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्यापर्यंतचा रस्ता त्यासाठी पुरेसा लांब आहे आणि त्यावर गावातला संथ वेग व मोकळ्या रस्त्याचा वेग दोन्ही मिळतात. परतल्यावर आयडलला ट्रिमचे आकडे पाहावेत; ते अधिक-उणे ५ ते १० टक्क्यांच्या आत स्थिर असले पाहिजेत. शेवटी टाकी पहिल्या थांब्यापर्यंत भरून, पाच मिनिटे थांबून सेल्फ मारावा. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी लगेच चालू झाली तर दुरुस्ती पूर्ण झाली. झाली नाही तर दोष कॅनिस्टरमध्ये किंवा टाकीच्या वाफेच्या वाटेत आहे, आणि तपासणी तिथून पुढे न्यावी लागते.